वडिलांच्या पश्चात सातबारा : वारस नोंदीचा आमच्या घरचा अनुभव

६ ऑगस्ट २०२५ रोजी सोलापुरातील एका रुग्णालयात आमचे वडील वारले. सीना नदीकाठच्या आमच्या गावी त्यांच्या नावावर तीन गटांत मिळून १ हेक्टर ६२ आर जमीन होती. त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आई, आम्ही दोघी बहिणी आणि भाऊ अशा चौघांची नावे जानेवारी २०२६ मध्ये लागली आणि त्या नावांवाचून अडलेली बाकीची कामे फेब्रुवारीत मार्गी लागली. मधल्या काळात काय घडले ते येथे क्रमाने लिहीत आहे. मी सोलापुरात एका पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळे कागदपत्रे हाताळण्याची सवय आहे. तरीही महसुली कामाची भाषा आणि तिथला क्रम माझ्यासाठी पूर्ण नवा होता. ज्या घरात नुकतेच कोणी गेले आहे आणि ज्यांच्या हातात अचानक हे कागद आले आहेत, त्यांना पुढची पायरी आधी कळावी एवढ्यासाठी हे सारे तपशिलाने सांगते आहे.

पहिला कागद मृत्यू दाखल्याचा. गावातले बरेच जण आम्हाला ग्रामपंचायतीत जाऊन दाखला काढा असे सांगत होते, परंतु मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला त्या हद्दीत होते. वडील शहरात गेले, म्हणून नोंद महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात झाली. रुग्णालयाने माहिती कळवल्यानंतर ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दाखला हातात आला. आम्ही त्याच्या सहा प्रती घेतल्या आणि सगळ्या लागल्या : बँक, विमा, पतसंस्था, शिधापत्रिका, जमीन आणि भावाच्या कार्यालयातील एक काम. रुग्णालयात अर्ज भरताना आधार कार्ड समोर ठेवले होते, त्यामुळे दाखल्यावर नाव आधारप्रमाणे आले. आमच्या भागात कन्नड वळणाने पुरुषांच्या नावाला ‘अप्पा’ जोडण्याची रीत आहे. वडिलांचे नाव सातबाऱ्यावर ‘अप्पा’सह होते, आधारवर आणि दाखल्यावर ‘अप्पा’विना. या दोन अक्षरांनी पुढे आमचा जवळजवळ एक महिना घेतला. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी दाखल्याचा अर्ज भरण्यापूर्वी सातबारा, आधार आणि शिधापत्रिका यांवरील नावे शेजारी ठेवून पाहावीत.

तेराव्याला सगळे नातेवाईक जमले होते. जेवणे झाल्यावर ओसरीवर जमिनीचा विषय निघाला, तो बहुतेक घरांत तसाच निघतो. वडीलधाऱ्यांपैकी एकदोघांचे म्हणणे पडले की मुलींच्या सह्या आताच घेऊन टाकाव्यात, म्हणजे भावाला पुढे त्रास होणार नाही. हे कोणी वाईट हेतूने बोलत नव्हते. त्यांच्या घरांत तसेच होत आले होते. भाऊ पुण्याला नोकरीला आहे, आम्हा भावंडांत सर्वांत धाकटा. तो तेवढ्यात म्हणाला, “अक्का सांगेल तसं करू, पण नावं चौघांचीही लागतील.” अक्का म्हणजे मी. त्याच्या त्या एका वाक्यामुळे पुढचे सारे सोपे झाले, हे मला मनापासून नोंदवावेसे वाटते.

या संदर्भात एक गोष्ट स्पष्ट माहीत असावी. हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे आणि मुली हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि वारस नोंदीत या सगळ्यांची नावे यायला हवीत. कोणाला आपला हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र हा स्वतंत्र दस्त आहे, तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. वारसाच्या अर्जाबरोबर साध्या कागदावर घेतलेल्या सहीने कोणाचाही हक्क सुटत नाही. मात्र अशा कागदांमुळे पुढे घरात वाद उभे राहतात.

असे नाव डावलले गेल्याचे उदाहरण आमच्याच आत्याच्या रूपाने उताऱ्यांतून समोर आले. मी डिजिटल स्वाक्षरीचे तिन्ही सातबारे आणि ८-अ चा, म्हणजे खातेदाराच्या सर्व गटांचा एकत्रित, उतारा घरूनच काढले. शासनाच्या संकेतस्थळावर प्रत्येक उताऱ्याला १५ रुपये पडतात आणि हा उतारा सर्वत्र चालतो. उतारे वाचताना दोन गोष्टी दिसल्या. एक, इतर हक्काच्या रकान्यात आजोबांच्या काळातील सोसायटीच्या कर्जाचा बोजा अजून तसाच होता, जरी ते कर्ज फिटून कित्येक वर्षे झाली होती. दुसरी, त्याच रकान्यात आत्याचे नाव होते. आजोबा गेल्यावर वडिलांचे नाव कब्जेदार, म्हणजे जमीनधारक, म्हणून लागले आणि आत्याचे नाव इतर हक्कात गेले. त्या काळात बहिणींची नावे सर्रास अशीच लावली जात. आत्या अक्कलकोटला असते. मी तिला फोनवर हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “माझं नाव हाय होय त्यात? मला कुणी सांगितलंच न्हाई.” इतकी वर्षे ते नाव तिथे होते आणि ज्या बाईचे ते नाव, तिलाच त्याची माहिती नव्हती. त्या दिवसापासून आमच्या नोंदीत प्रत्येकीचे नाव योग्य रकान्यात, योग्य नात्याने लागते की नाही ते मी स्वतः पाहायचे ठरवले.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीनेला पूर आला. ज्यांनी ते दिवस सोलापूर जिल्ह्यात काढले त्यांना वर्णनाची गरज नाही. आमच्या नदीकडच्या गटातील तूर आणि कांदा दोन्ही गेले, आणि बांधालगतची माती वाहून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पंचनामा झाला. कागदावर शेतकरी म्हणून वडिलांचे नाव. नुकसानीच्या यादीतही वडिलांचेच नाव. अनुदान थेट आधार जोडलेल्या खात्यात येते आणि आता शेतीच्या बहुतेक योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. वडिलांच्या नावावर यातले काहीच पुढे सरकणे शक्य नव्हते. वारस नोंद झाल्याशिवाय रक्कम कोणाच्याच खात्यात जाणार नाही, असे गावात सांगण्यात आले. आमच्याच गल्लीत आणखी दोन घरांची अशीच अडचण होती. तोवर वारस नोंद हे सवडीने करायचे काम वाटत होते, ते आता निकडीचे झाले.

तसेही त्याला मुदत होतीच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाहक्काने जमिनीत हक्क मिळालेल्या व्यक्तीने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. आमच्यासाठी ती तारीख ६ नोव्हेंबर होती. तलाठी या पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, परंतु गावात अजून तलाठी भाऊसाहेब हाच शब्द चालतो, म्हणून मीही पुढे तोच वापरते.

सगळे एकत्र येण्याचा दिवस भाऊबीजेचा, २३ ऑक्टोबर. धाकटी बहीण कलबुर्गीहून आली, भाऊ पुण्याहून आला. वडील गेल्यानंतरची पहिली दिवाळी असल्याने घरात फराळ केला नव्हता. शेजारणींनी आणून दिलेल्या चिवडा-लाडवांच्या ताटल्या झाकून ठेवलेल्या होत्या. ओवाळणी झाल्यावर त्याच सतरंजीवर बसून आम्ही अर्ज, वंशावळ आणि स्वयंघोषणापत्र लिहून काढले आणि चौघांच्या सह्या घेतल्या. आईने सही करण्याचा आग्रह धरला. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. एरवी अंगठा देते, पण या कागदावर तिने आपले नाव सावकाश लिहिले आणि शेवटच्या अक्षरावरची रेघ ओढून झाल्यावर ते एकदा मोठ्याने वाचले.

आम्ही जोडलेली कागदपत्रे अशी होती : मृत्यू दाखला, ८-अ आणि तिन्ही सातबारे, सर्व वारसांची नावे, वये, नाती आणि पत्ते असलेले स्वयंघोषणापत्र, चौघांची आधार कार्डे, शिधापत्रिका आणि पोलीस पाटलांचा दाखला. विवाहित मुलींबाबत एक वेगळी अडचण असते. आधार कार्डावर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव असते, त्यावरून वडिलांशी असलेले नाते सिद्ध होत नाही. धाकट्या बहिणीचे आधार तर कर्नाटकातील, कन्नड आणि इंग्रजीत. यावर शाळा सोडल्याचा दाखला उपयोगी पडला, कारण त्यात वडिलांचे नाव असते. तिने तो शाळेतून नव्याने काढून आणला होता. विवाह नोंदणी दाखला असेल तर तोही जोडावा, म्हणजे माहेरचे आणि सासरचे नाव एकाच कागदावर दिसते.

२७ ऑक्टोबरला ई-हक्क या शासनाच्या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज भरला. नोंदणी करून जिल्हा, तालुका, गाव निवडायचे, फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील बदलाच्या, प्रकारांत वारस नोंद निवडायची, खाते क्रमांक टाकून मयत खातेदाराचे नाव निवडायचे आणि मग एकेक वारस भरत जायचे. कागदपत्रे लहान आकाराच्या पीडीएफ स्वरूपात लागतात. मी ती गल्लीतील झेरॉक्सवाल्याकडून ८० रुपयांत स्कॅन करून घेतली. अर्ज पूर्ण झाल्यावर क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा. वारस नोंदीच्या या अर्जाला शासनाचे कोणतेही शुल्क नाही. हे ठळकपणे सांगण्याचे कारण असे की तहसीलच्या आवाराबाहेर बसणाऱ्या एकाने सगळे करून देण्याचे पाच हजार रुपये मागितले होते, आणि माझ्यासमोर एका म्हाताऱ्या माणसाने त्यातले दोन हजार आगाऊ दिले.

ऑनलाइन अर्ज केला म्हणजे काम सुरू झाले असे नाही. मूळ कागद गावच्या कार्यालयात दाखवावे लागतात. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून एसटीने गावी जात असे. महिलांना निम्मे तिकीट असल्याने तो खर्च जड गेला नाही, परंतु कार्यालय उघडे सापडणे हा वेगळा प्रश्न होता. भाऊसाहेबांकडे दुसऱ्या गावाचाही कार्यभार होता. कोणत्या दिवशी ते कोठे असतील याचा फलक दारावर नव्हता. कोतवालांना फोन करून निघाले तरी मध्येच त्यांना तालुक्याला बैठकीचे बोलावणे येई. एका माणसावर दोन-दोन गावांचे काम टाकले तर तो तरी काय करणार, हे मला मान्य आहे. पण दारावर आठवड्याचे वार लिहिलेला एक कागद चिकटवायला खर्च येत नाही, आणि त्या कागदाअभावी रोजंदारीवरची माणसे आपला दिवस मोडून पायरीवर बसून राहतात, हे मी तिथे पाहिले. त्यांचा तो बुडालेला दिवस कुठल्याच हिशेबात धरला जात नाही, आणि याचा मला राग येतो.

अखेर भेट झाली तेव्हा पहिला प्रश्न होता, “ताई, तुमचे भाऊ नाहीत का आले? त्यांना पाठवा की.” मी सांगितले की अर्जदार मी आहे, वारस म्हणून माझे नाव अर्जात आहे आणि चौघांच्या सह्या जोडलेल्या आहेत. त्यानंतर हा विषय निघाला नाही. बहिणींनी स्वतः जाण्याचा फायदा मला तिथे जाणवला : मुलगी समोर उभी असली म्हणजे तिचे नाव यादीतून सुटत नाही.

कागद दिले, पण पोच मिळाली नाही. दुसऱ्या प्रतीवर सही आणि तारीख मागितली तर “पोच कशाला, आम्ही आहोत की,” असे उत्तर आले. मी वाद घातला नाही. दुसऱ्याच दिवशी, ६ नोव्हेंबरच्या आत, संपूर्ण संच पोचपावतीसह स्पीड पोस्टने त्याच कार्यालयाच्या नावे पाठवला आणि एक प्रत तालुक्याच्या आवक-जावक विभागात देऊन त्यावर शिक्का घेतला. तिथल्या बाईंनी एका मिनिटात शिक्का मारून आवक क्रमांक लिहून दिला. पुढे जेव्हा जेव्हा “अर्ज कधी दिला होता?” असे विचारले गेले, तेव्हा त्या शिक्क्याने उत्तर दिले.

नोव्हेंबरच्या मध्यावर अर्ज त्रुटी दाखवून परत आला. कारण अपेक्षित होते : मयताच्या नावात तफावत. सातबाऱ्यावरील ‘अप्पा’सह नाव आणि मृत्यू दाखल्यावरील नाव एकाच व्यक्तीचे आहे असे प्रतिज्ञापत्र हवे होते. टंकलेखकाने पाचशे रुपयांचा मुद्रांक आणायला सांगितला. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आला हे खरे आहे, परंतु शासकीय कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्काची माफी २००४ पासून आहे. मी साध्या कागदावरच मजकूर टाइप करून घेतला, त्याचे १५० रुपये झाले, आणि नायब तहसीलदारांपुढे ते प्रतिज्ञापत्र केले. कोणीही हरकत घेतली नाही. सोबत पुरावा म्हणून वडिलांची जुनी शिधापत्रिका जोडली, कारण तिच्यावर नाव ‘अप्पा’सह होते आणि खाली आम्हा सर्वांची नावे होती. जुनी शिधापत्रिका, सोसायटीचे पासबुक, खताच्या पावत्या या गोष्टी घरात रद्दी म्हणून पडलेल्या असतात. वारस नोंद पूर्ण होईपर्यंत त्यातले काहीही टाकू नये.

त्यानंतर नुसती वाट पाहणे. २ डिसेंबरला नगरपरिषदांच्या निवडणुका होत्या आणि महसूल विभागाचे बहुतेक कर्मचारी त्या कामावर होते. आई दर संध्याकाळी फोनवर एकच विचारायची, “झालं का गं?” वडील गेल्याचे दुःख होतेच, त्यात ज्या शेतात त्यांनी आयुष्य काढले त्या शेताच्या कागदावर ते अजून आहेत आणि त्यामुळेच घर अडले आहे, ही जाणीव विलक्षण जड होती. माझी स्वतःची चिडचिड या काळात सर्वाधिक झाली. या दिवसांत एक सवय मात्र उपयोगी पडली : प्रत्येक भेटीची तारीख, भेटलेल्या व्यक्तीचे पद आणि मिळालेले उत्तर मी एका वहीत लिहून ठेवत होते. नोव्हेंबरअखेर त्या वहीवरूनच तहसीलदारांच्या नावे एक पानी अर्ज लिहिला. त्यात तक्रारीचा सूर ठेवला नाही; अर्ज क्रमांक, आवक क्रमांक, त्रुटी पूर्ण केल्याची तारीख आणि पुरामुळे अडलेले अनुदान एवढेच मांडले. आठवड्याभरात गावातून फोन आला की जबाबासाठी या.

जबाब म्हणजे स्थानिक चौकशी. वारसांपैकी जे हजर असतील ते आणि गावातील पंच यांच्यासमोर मयताचे वारस कोण, दुसरे कोणी आहे का, हे विचारून लिहून घेतात. ही माहिती प्रथम गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत जाते. मंडळ अधिकारी तो वारस ठराव मंजूर करतात आणि मग गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, प्रत्यक्ष फेरफार धरला जातो. गावात मंडळ अधिकाऱ्यांना सर्कल म्हणतात. हा क्रम मला आधी माहीत नसल्याने ६-क ची नोंद झाली म्हणजे सातबारा बदलला असे वाटले होते, तसे नसते. आमचा फेरफार ८ डिसेंबर २०२५ रोजी नोंदला गेला.

फेरफार नोंदल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते, ती चावडीवर लावतात आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. इतर हक्कात नाव असल्याने आत्यालाही नोटीस गेली, आणि तिने आनंदाने सही केली. शासनाच्या आपली चावडी या पानावर गाव निवडल्यास हीच नोटीस घरबसल्या वाचता येते. बहुतेक लोक नोटीस निघाली एवढे ऐकून निर्धास्त होतात. मी सर्वांना आग्रहाने सांगते की त्या नोटिशीतील प्रत्येक शब्द वाचा. आमच्या नोटिशीत आईचे नाव बरोबर होते, माझे बरोबर होते, भावाचे बरोबर होते, आणि धाकट्या बहिणीच्या नावापुढे नाते लिहिले होते ‘सून’. भावाचे अजून लग्न झालेले नाही. बहिणीचे आडनाव वेगळे असल्याने भरताना तसे झाले असावे. सासरचे आडनाव दिसले की सून समजायचे, हा सवयीचा हात असतो. पण त्या एका शब्दाने माझी बहीण वडिलांची वारस राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरून मी गावी गेले. मुदतीच्या आत लेखी अर्ज दिला, सोबत बहिणीच्या शाळेच्या दाखल्याची प्रत पुन्हा जोडली, आणि या वेळी न मागता पोच मिळाली. दुरुस्ती झाली, नवी नोटीस निघाली, त्यामुळे मुदत पुढे गेली. हे आत्ताच लक्षात आले म्हणून काम आठवड्यावर भागले. फेरफार प्रमाणित झाल्यानंतर चूक सापडली तर लिहिण्यातील चुकीसाठी त्याच अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करावे लागते. त्यात किती काळ जातो ते गावातल्या कोणालाही विचारावे.

९ जानेवारी २०२६, शुक्रवारी मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. शहरात सिद्धेश्वर यात्रेची तयारी सुरू होती, नंदीध्वज मार्गावरचे रस्ते सजत होते. कोणतीही हरकत न आल्याची नोंद फेरफारावर होती. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेतून आल्यावर मी पुन्हा १५ रुपये भरून उतारा काढला. वडिलांचे नाव कंसात गेले होते, म्हणजे कमी झाले होते, आणि त्याखाली चार नावे, सगळी कब्जेदाराच्या रकान्यात. आईचे नाव पहिले. मी तो उतारा बहिणीला आणि भावाला पाठवला आणि आईला फोनवर चारही नावे वाचून दाखवली. तिने ती दोनदा वाचायला लावली.

यानंतरची कामे कागदाने लहान होती, पण त्यांनीही महिना घेतला. शेतकरी ओळख क्रमांकासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आईच्या आधारला वडिलांचा मोबाइल क्रमांक जोडलेला होता आणि रिचार्ज न झाल्याने तो बंद पडला होता. घरातील कोणी गेल्यास त्यांचे सिमकार्ड निदान वर्षभर चालू ठेवावे, असे मी आता सर्वांना सांगते. घरातल्या किती जणांच्या किती गोष्टी त्या एका क्रमांकाला जोडलेल्या असतात याची कल्पना आधी येत नाही. क्रमांक बदलण्यासाठी आईला सोलापुरातील आधार केंद्रात आणले. शुल्क ७५ रुपये. यंत्राच्या काचेवर तिने उजवा अंगठा ठेवला, नंतर डावा, नंतर एकेक बोट. दर वेळी पडद्यावर लाल खूण. तिने पदराने काच पुसली, बोटे पुसली आणि पुन्हा ठेवली. चाळीस वर्षांच्या खुरपणीने आणि कांदा काढणीने तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. ती काच कितीही पुसली असती तरी त्या उमटणार नव्हत्या. केंद्रातील मुलाने समजूतदारपणे डोळ्यांचे स्कॅन घेतले आणि काम झाले. ज्यांच्या घरी शेतात राबलेली वृद्ध माणसे आहेत त्यांनी आधी डोळ्यांच्या स्कॅनची सोय असलेले केंद्र कोणते ते विचारूनच निघावे.

शेतकरी ओळख क्रमांकात तिन्ही गट निवडले आहेत याची खात्री करून घ्यावी. एखादा गट सुटला तर त्या गटाचा लाभ अडतो. जमीन आता सामायिक खात्यात असल्याने अनुदान कोणाच्या खात्यावर जमा करायचे याचे संमतीपत्र मागण्यात आले. आम्ही तिघांनी आईच्या नावे संमती दिली. आईचे बँक खाते आधारशी जोडलेले असले तरी थेट लाभासाठी तेच खाते निवडलेले आहे का, हे बँकेत वेगळे विचारावे लागले. नुकसानीच्या यादीतील व्हीके, म्हणजे विशिष्ट, क्रमांक घेऊन केंद्रावर ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) केली आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रक्कम आली. माती वाहून गेलेल्या पट्ट्याला ती पुरणारी नव्हती, परंतु उन्हाळ्यापूर्वी बांध घालून घेण्याइतकी होती, आणि भावाने त्याच आठवड्यात जेसीबी सांगितला.

सोसायटीचा जुना बोजा कमी करण्यासाठी वेगळा फेरफार लागतो. सोसायटीच्या सचिवांनी जुने खाते शोधून बेबाकी, म्हणजे कर्ज फिटल्याचा, दाखला दिला, त्यावर ई-हक्कमधूनच अर्ज केला आणि आता तो मंजूर झाला आहे. आत्याशी बोलणे झाले आहे. तिचे नाव इतर हक्कातून कब्जेदाराच्या रकान्यात आणायचे असेल तर नेमका कोणता मार्ग घ्यावा, यासाठी आजोबांच्या वेळच्या फेरफाराची नक्कल मागितली आहे; ती हाती आल्यावर आम्ही वकिलांचा सल्ला घेणार आहोत. वाटपाचा विषय भावंडांनी सध्या काढलेला नाही. तो काढायचा झाल्यास कलम ८५ खाली सर्वांच्या संमतीने तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. येत्या खरिपाची ई-पीक पाहणी (मोबाइलवरून करायची पिकाची नोंद) आईच्या नावाने होईल, आणि विकास सोसायटीतील वडिलांचे सभासदत्व तिच्या नावावर करण्याचा अर्ज मार्चमध्ये द्यायचा आहे.